पगार निम्मा, हप्ता पूर्ण: घर कसं चालवताय?

मुठाकाठ | २३ ऑगस्ट २०२०

थेट मुद्द्यावर येतो. पुण्यात लग्नं आणि कंपन्यांचे मोठे कार्यक्रम करून देणाऱ्या एका ठिकाणी नऊ वर्षं नोकरी करतोय. मार्चमध्ये कोरोनामुळे कार्यक्रम रद्द व्हायला लागले तेव्हा वाटलं, दिवाळीनंतरच्या सीझनमध्ये भरून निघेल. एप्रिलपासून पगार निम्मा झाला आणि तोही उशिरा यायला लागला. गेल्या आठवड्यात मालकांनी एकेकाला फोन करून सांगितलं की सप्टेंबरपासून पगार देता येणार नाही, राजीनाम्याची मेल पाठवा, अनुभवाचं पत्र लगेच देतो. पन्नास माणसांत लग्न उरकायचं तर आमचं काम कोणाला लागणार, हे मलाही कळतं.

घरात आम्ही दोघं, मुलगी सातवीत, मुलगा पहिलीत. बायकोचं पाळणाघर मार्चपासून बंद. धायरीच्या फ्लॅटचा हप्ता २४ हजार, अजून सोळा वर्षं बाकी. हप्त्याला मार्चपासून सवलत घेतली आहे, ती ३१ ऑगस्टला संपते. शिल्लक जेमतेम तीन महिने पुरेल. पीएफ काढू का, दागिने मोडू का, फ्लॅट भाड्याने देऊन लहान जागेत जाऊ का, ठरत नाही.

आणि मिरजेला आईवडिलांना यातलं काहीही सांगितलेलं नाही. यंदा गणपतीला आलो नाही ते जिल्ह्याबाहेर जायचा ई-पास मिळाला नाही म्हणून, असं त्यांना वाटतंय. वडील फोनवर विचारतात, 'काम सुरू झालं का रे?' मी हो म्हणतो.

ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांनी काय केलं ते लिहा. धीर सगळेच देतात आणि तो हवाही आहे, पण मला हिशेब हवा आहे.

चकलीचासोऱ्या | २३ ऑगस्ट

वाचतेय. आमच्याकडेही जुलैपासून ३० टक्के कपात आहे. हिशेबनीस काकांना कोणीतरी हाक मारा.

हिशेबनीस | २३ ऑगस्ट

आलो. ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच कर्ज विभागात, त्यामुळे हे मला पोटतिडकीने सांगायचंय.

मुठाकाठ, राजीनाम्याची मेल पाठवू नका, निदान आधी सगळं येणं लेखी मागून घेतल्याशिवाय नाही. तुमची नऊ वर्षं झाली आहेत. पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी लागू होते, नोकरी सोडली तरी आणि सोडवली तरी. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. मूळ वेतन २४ हजार धरलं तर सव्वा लाखाच्या आसपास होतात. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ती द्यावीच लागते आणि ३० दिवसांत द्यावी लागते. अनुभवाचं पत्र लगेच देतो म्हणतात ना मालक, मग हेही मागायला संकोच कसला?

आता हप्ता. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला तीन महिने आणि २२ मेला आणखी तीन महिने दिले, ती मुदतवाढ आहे, माफी नाही. व्याजाचा मीटर चालूच असतो. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी ३० लाख नुकतेच घेतलेल्या माणसाने सहाही हप्ते थांबवले तर सुमारे १ लाख ३० हजार मुद्दलात चढतात आणि हप्ता तोच ठेवला तर २४० च्या जागी २७० हप्ते भरावे लागतात. ज्याची पाचच वर्षं उरली आहेत त्याचे तीन-चारच वाढतात. तुमच्या सोळा वर्षांना अठरा-एकोणीस वाढतील. म्हणून ज्याच्याकडे पैसे होते त्याने ही सवलत घ्यायची गरज नव्हती. तुमच्याकडे नव्हते, तुम्ही घेतलीत, बरोबर केलंत.

सप्टेंबरचं काय? ६ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेने वैयक्तिक कर्जांच्या फेररचनेला परवानगी दिली आहे, त्यात गृहकर्जही येतं. १ मार्चला ज्याचं थकीत ३० दिवसांपेक्षा जास्त नव्हतं त्याला मुदत दोन वर्षांपर्यंत वाढवून मागता येते, हप्ता काही काळ कमीही करून मागता येतो. हे ३१ डिसेंबरच्या आत ठरायला हवं. मिळेलच असं नाही, ते बँक ठरवणार, पण हप्ता चुकण्याआधी शाखेत गेलेला माणूस आणि तीन हप्ते चुकल्यावर वसुलीच्या फोनवर सापडलेला माणूस, यांच्याकडे टेबलापलीकडून वेगळ्या नजरेने बघितलं जातं. मी त्या खुर्चीत बसलेलो आहे. पगार बंद झाल्याचं पत्र आणि सहा महिन्यांचं खात्याचं स्टेटमेंट घेऊन याच आठवड्यात जा.

आणखी एक. तुमचं कर्ज ऑक्टोबर २०१९ च्या आधीचं, म्हणजे बहुतेक जुन्या एमसीएलआरवर (बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते त्या दरावर) असेल. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना पैसे देते तो दर, यंदा ४ टक्क्यांवर आलाय. थोडं शुल्क भरून रेपोशी जोडलेल्या दराकडे जाता येतं का, ते त्याच फेरीत विचारा.

चकलीचासोऱ्या | २३ ऑगस्ट

काका, तुमच्या प्रतिसादाची प्रिंट काढून फ्रीजवर लावतेय. व्याज लावणार नाही ना?

काळाकोट | २४ ऑगस्ट

हिशेबनीस यांच्याशी सहमत, त्यात भर. स्वतःहून राजीनामा दिला की नोकरकपातीची भरपाई मागायचा रस्ता बंद होतो. औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' बसत असेल आणि एक वर्ष सलग काम झालं असेल, तर कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा पगार आणि दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. मॅनेजर दर्जाच्या माणसाला हे सहसा लागू होत नाही, पण पद कागदावर काय आहे यापेक्षा प्रत्यक्ष काम काय करता हे बघितलं जातं. व्हिजिटिंग कार्डावर मॅनेजर छापलेलं असलं म्हणून कोणी मॅनेजर होत नाही.

केंद्राचा २९ मार्चचा पूर्ण पगार द्यायचा आदेश होता तो १८ मेपासून मागे घेतला गेला. त्याच्या भरवशावर राहू नका.

कसारालोकल | २४ ऑगस्ट

माझा पगार कापला नाही, नोकरीच गेली, आणि ती लोकलमुळे. जूनच्या मध्यापासून लोकल फक्त अत्यावश्यक सेवेसाठी सुरू झाली. आमचं ऑफिस लोअर परळला, खासगी. साहेब म्हणाले, ऑफिस उघडलंय, या. आसनगावहून कल्याणपर्यंत शेअर रिक्षा, कल्याणहून एसटी, पुढे बेस्ट. जाताना तीन-साडेतीन तास आणि येतानाही तेवढेच. एसटीच्या रांगेत अंतराच्या पांढऱ्या गोलांत उभं राहून पाय दुखायचे आणि बस आली की गोल विसरून सगळे धावायचे. उशीर व्हायला लागला, मग 'तुम्ही जवळ राहायला या नाहीतर थांबा' असं सांगितलं. दहा बाय दहाचं भाडं तिथे परवडतंय कोणाला?

पीएफबद्दल माझा अनुभव. कोविडसाठीचा आगाऊ मिळतो, तीन महिन्यांचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यातलं जे कमी ते, परत भरावा लागत नाही. अर्ज मोबाइलवरून केला. पहिल्यांदा नाकारला, कारण आधारवर माझं नाव वडिलांच्या नावासकट आणि पीएफला नुसतं नाव-आडनाव. ते जुळवण्यात वेळ गेला, मग पैसे आठवड्यात आले. ज्यांना लागणार आहे त्यांनी नाव, जन्मतारीख आणि बँक खातं आजच जुळतंय का ते बघा.

गावकरी७२ | २४ ऑगस्ट

पीएफला हात लावू नका हो. म्हातारपणाचा आधार आहे तो. साडेआठ टक्के आजच्या घडीला कोण देतंय? दागिने मोडा, सोनं ५० हजारांच्या वर गेलंय, असा भाव पुन्हा मिळेल का?

शेवंती_अ | २४ ऑगस्ट

गावकरी७२, दागिने 'मोडा' म्हणणं सोपं असतं. ते कोणाचे आहेत तिला विचारून मोडायचे. मुठाकाठ, बायकोचं मत काय आहे ते तुम्ही लिहिलंच नाही.

विकण्यापेक्षा तारण ठेवा. याच महिन्यात बँकांना सोन्याच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा मिळाली आहे, आधी ७५ होती. पण ९० टक्के मिळतात म्हणून ९० उचलू नका. भाव खाली आला तर बँक जादा रक्कम मागते. मी पाटल्या ठेवून निम्मेच उचलले, नवऱ्याच्या गॅरेजचं भाडं चुकवायला.

कसारालोकल | २४ ऑगस्ट

गावकरी७२ काका, म्हातारपण यायला आधी सप्टेंबर पार पडायला हवा. क्रेडिट कार्डावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज भरत पीएफचे साडेआठ टक्के जपण्यात काय फायदा?

हिशेबनीस | २४ ऑगस्ट

दोघांचंही खरं आहे. क्रम असा ठेवा: आधी स्वतःची मोकळी शिल्लक, मग मुदत ठेव मोडणं, मग पीएफचा आगाऊ, मग सोनं तारण. क्रेडिट कार्डाची किमान रक्कम भरत राहणं हे शेवटचंसुद्धा नको. नोकरी सुटून महिना झाला की पीएफच्या ७५ टक्क्यांपर्यंत तसाही काढता येतो, दोन महिन्यांनी उरलेला. त्यासाठी कंपनीने बाहेर पडल्याची तारीख नोंदवलेली हवी. नोंदवली नाही तर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतःच पोर्टलवर ती टाकता येते, ही सोय यंदाच झालीय.

आणि कंपनीची आरोग्य विम्याची सामूहिक पॉलिसी नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपते. या रोगात विम्याशिवाय एक दिवसही राहू नका. १० जुलैपासून आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांकडे कोरोना कवच ही पॉलिसी आहे, ५० हजार ते ५ लाख, साडेतीन, साडेसहा किंवा साडेनऊ महिन्यांसाठी. किराण्याच्या आधी ते घ्या असं म्हणेन.

तिसरीघंटा | २५ ऑगस्ट

मी नाटकाचा प्रकाश सांभाळतो. १३ मार्चच्या मध्यरात्रीपासून नाट्यगृहं बंद झाली आणि तेव्हापासून उत्पन्न शून्य. निम्मा नाही, शून्य. आम्हाला पगार नसतोच, प्रयोगाची नाईट असते. प्रयोग नाही तर नाईट नाही, पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, राजीनामा कोणाला द्यायचा तेही नाही. वरचे सगळे प्रतिसाद वाचले आणि चांगलेच आहेत, पण आमच्यासारख्या लाखो लोकांच्या हातात यातला एकही कागद नाही, हे कुठेतरी लिहिलं जावं म्हणून लिहितोय.

सुरुवातीला काही निर्मात्यांनी आणि कलाकारांनी मिळून पडद्यामागच्या लोकांना शिधा आणि थोडे पैसे पोचवले. ज्यांनी दिले त्यांनी नाव होऊ दिलं नाही. पण ती मदत किती दिवस पुरणार? आमच्यातला नेपथ्य लावणारा एक जण आता इमारती सॅनिटाइझ करायच्या कामावर जातो, कपडेपट बघणारी एक ताई मास्क शिवते. मी जूनपासून पहाटे भायखळ्याहून भाजी आणून चाळीत विकतो. लाइटच्या केबली गुंडाळायची एक पद्धत असते, पीळ न पडू देता, एक वेढा सरळ एक उलटा. घरात त्या तशाच गुंडाळून ठेवल्यात. दर रविवारी उघडून पुन्हा गुंडाळतो, नाहीतर रबर कडक होतं.

मुठाकाठ, तुमच्या धंद्यातल्या लाइट-साउंडवाल्यांची गतही हीच असणार. मालकांकडे येणं मागाल तेव्हा त्यांचंही नाव काढा.

मुठाकाठ | २५ ऑगस्ट

काढतो. शब्द देतो. आमच्याकडे मांडव घालणारी, फुलांची, वाढप्यांची मिळून किती माणसं एका लग्नावर जगतात ते मी रोज बघितलंय.

पणजीकर | २५ ऑगस्ट

गोव्यातून. आमचं कळंगुटला चार खोल्यांचं गेस्ट हाउस आणि भावाची टॅक्सी. मार्च म्हणजे सीझनची शेपटी, तीच तुटली. २ जुलैपासून हॉटेलं उघडायला परवानगी मिळाली पण गिऱ्हाईक कोण? चार्टर विमानं आल्याशिवाय टॅक्सीला भाडं नाही. भाऊ सध्या सकाळी पाव आणि भाजी घरपोच करतो. घराच्या मागची पडीक जमीन आईने साफ करून घेतली, भेंडी, दोडकी, चिटकी (गवार) लावली, चवथीला गणपतीच्या वर फळं-भाज्यांची माटोळी बांधतात, तिला यंदा बरंचसं घरचंच बांधलं. त्यावर पोट भरत नाही, पण बाजारखर्च निम्म्यावर आला आणि आईचा हात पुन्हा मातीत गेला.

अनघड | २६ ऑगस्ट

वेगळा प्रश्न विचारतो, राग मानू नका. घरकामाच्या मावशींना तुम्ही पगार देताय का? मार्चपासून त्या येत नव्हत्या, आता सोसायटीने परवानगी दिलीय. माझा पगार ४० टक्के कापलाय. मला वाटतं, काम नाही तर पगार नाही हेच आमच्या कंपनीने आम्हाला लावलं, मग आम्ही कुठून देणार?

शेवंती_अ | २६ ऑगस्ट

अनघड, तुम्हाला ६० टक्के मिळतात ना? मग मावशींना ६० टक्के द्या. तुमच्या कंपनीने शून्य दिलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात? त्यांची चार घरं असतील आणि चारही घरांनी हाच विचार केला तर त्या घरात चूल कशी पेटणार?

अनघड | २६ ऑगस्ट

भावना समजते. पण माझ्या घरात ६० टक्क्यांत हप्ता, आईची डायलिसिसची फेरी आणि मुलाची फी आहे. मावशींना रेशनवर धान्य तरी मिळतं, माझ्या शुभ्र कार्डावर काहीच नाही.

मीठभाकर | २६ ऑगस्ट

रेशनचं सांगते, कारण मी वस्तीत काम करते. माणशी ५ किलो मोफत धान्य आणि कार्डामागे किलोभर डाळ किंवा चणे हे नोव्हेंबरपर्यंत आहे, ज्यांचं कार्ड अन्नसुरक्षेत आहे त्यांना. पुष्कळ घरकामगार बायकांचं कार्ड गावाला आहे, किंवा सासऱ्यांच्या नावावर, किंवा ऑनलाइन नोंदच नाही. महिला जनधन खात्यात ५०० रुपये तीन महिने आले, ते जूनमध्ये संपले. एप्रिलपासून शिवभोजन थाळी ५ रुपयांना मिळते, तिथल्या रांगेत मी अशा बायका बघितल्या ज्या वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करतात.

अनघड दादा, तुमची अडचण खोटी नाही. पैसे जमत नसतील तर मावशींच्या कार्डाचं काम करून द्या. अर्ज भरायचा, आधार जोडायचं, तहसीलच्या पुरवठा शाखेत फोन लावायचा. त्यांना ते जमत नाही आणि तुम्हाला अर्ध्या तासात जमेल.

अनघड | २६ ऑगस्ट

हे करतो. उद्याच बोलावतो त्यांना. निम्मा पगारही देतो, बोललोय घरी.

चहाचाकप | २७ ऑगस्ट

अवांतर: धाग्यावर भांडण सुरू होऊन मिटल्याचं बऱ्याच दिवसांनी बघितलं. संपादकांनी नोंद घ्यावी.

बाभूळबन | २७ ऑगस्ट

बीड जिल्हा. पुण्यात कंपन्यांच्या पोरांना ने-आण करायची गाडी चालवायचो, कर्जावर घेतलेली. कंपन्या घरून काम करायला लागल्या तशी गाडी दारात उभी. एप्रिलात गावाकडं आलो तर वेशीवर काटेरी झुडपं टाकून रस्ता बंद, १४ दिवस शाळेत राहिलो, आई लांबून डबा ठेवून जायची.

मग रोजगार हमीवर गेलो. एप्रिलपासून दिवसाचे २३८ रुपये झालेत. बांधबंदिस्तीचं काम. माझ्याबरोबर एक बीएड झालेला पोरगा होता आणि एक पनवेलला फिटर असलेला. सोयाबीन पेरलं तर आमच्या शिवारात कित्येकांचं उगवलंच नाही, बियाणंच निकामी, दुबार पेरणी झाली. दूध घातलं तर लिटरला वीस रुपयेसुद्धा मिळेनात. 'गावाकडं जा, शेती करा' असं शहरातले लोक लिहितात, त्यांनी हा हिशेबही मांडावा.

गाडीच्या हप्त्याचं फायनान्सवाल्याचं ऐकून ऐकून कान किटले. मुदतवाढ मागितली तर म्हणे ऑनलाइन करा, लिंक उघडत नाही. हिशेबनीस काका, काही सांगता येईल का?

हिशेबनीस | २७ ऑगस्ट

बाभूळबन, त्यांना लेखी पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. त्यात गाडीचा नंबर, कर्ज खाते क्रमांक, उत्पन्न कधीपासून बंद ते आणि फेररचना हवी हे लिहा. उत्तर आलं नाही किंवा समाधानकारक आलं नाही, तर महिन्याने रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फायनान्स कंपन्यांसाठीही ती सोय आहे, फी लागत नाही. आणि वसुलीवाला दारात आला तर गाडीची किल्ली त्याच्या हातात देऊ नका, जप्तीला रीत असते. पत्राचा मसुदा मी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

बाभूळबन | २७ ऑगस्ट

लई उपकार काका.

एडिसनकर | २८ ऑगस्ट

न्यू जर्सीहून. इथे सगळं आलबेल आहे असं भारतात वाटतं म्हणून लिहिते. नवऱ्याची नोकरी मेमध्ये गेली. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरी शोधा नाहीतर देश सोडा. आजूबाजूच्या नागरिकांना जुलैअखेरपर्यंत बेकारी भत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलर जास्तीचे मिळत होते, आम्ही इतकी वर्षं कर भरूनही व्हिसावाले म्हणून त्यात धड बसत नाही. त्याला मुदतीच्या अगदी शेवटी कमी पगारावर काम मिळालं. त्या दोन महिन्यांत आम्ही नाशिकला सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'घर आहे ना इथे, या.' त्यानंतर आम्हाला दोघांनाही झोप लागायला लागली.

मुठाकाठ, मिरजेला फोन करा. तुम्ही हिशेब मागितलात पण मला तुमच्या पोस्टमधलं तेच वाक्य सगळ्यात जड वाटलं.

गावकरी७२ | २८ ऑगस्ट

मी ७२ चा दुष्काळ बघितलेला माणूस आहे, नावातच आहे. बापापासून लपवू नका. वडील खडी फोडायला जायचे आणि आम्हा पोरांना सगळं ठाऊक असायचं, सुकडी (दुष्काळी मदतीचं खाणं) कधी मिळणार तेसुद्धा. मिरजेच्या वडिलांना पोराचा आवाज ओळखता येत नाही असं समजू नका.

पीएफबद्दल कसारालोकल म्हणाला ते मात्र मला पटलंय.

सुगरणीचा_खोपा | २९ ऑगस्ट

सगळे 'घरगुती डबे सुरू करा' असा सल्ला देतील, म्हणून आधीच लिहिते. मी जूनपासून करतेय. आमच्या एका सोसायटीत डबे देणाऱ्या आता आठ-नऊ जणी झाल्यात. पोळी-भाजीत सुटतं फार कमी, कारण गॅस आणि पोचवायचा खर्च कोणी धरत नाही. मला हात दिला तो पुरणपोळी आणि उकडीच्या मोदकांनी, जे सगळ्यांना येत नाही. तेव्हा तुम्हाला चारचौघांपेक्षा वेगळं काय येतं ते बघून उतरा. आणि अन्न सुरक्षेची नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते, ती करून घ्या. कंपन्यांच्या दिवाळीच्या ऑर्डरी नोंदणी नसेल तर मिळत नाहीत.

जुनीवही | २९ ऑगस्ट

ज्यांचा पगार २१ हजारांच्या आत होता आणि ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कापली जायची, त्यांच्यासाठी: २० ऑगस्टलाच निर्णय झालाय, नोकरी गेलेल्यांना सरासरी पगाराच्या निम्मे पैसे ९० दिवसांपर्यंत. आधी २५ टक्के होते. दोन वर्षं विमा असायला हवा, नोकरी सुटून ३० दिवस झाले की अर्ज करता येतो, मालकाची सही लागत नाही. २४ मार्चपासून डिसेंबरअखेरपर्यंत गेलेल्या नोकऱ्यांना हा वाढीव दर आहे. फार कमी लोकांना माहीत आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर हे फिरवा.

कसारालोकल | २९ ऑगस्ट

जुनीवही, आमच्या ऑफिसातल्या दोन शिपायांना लगेच कळवलं. एकाची दोन वर्षं भरतात, दुसऱ्याची नाही.

मुठाकाठ | १९ नोव्हेंबर २०२०

धागा वर काढतोय, कारण बऱ्याच जणांनी व्यनि करून विचारलं.

राजीनामा आधी दिला नाही. ग्रॅच्युइटीचं पत्र दिलं तेव्हा मालक गप्प झाले, मग म्हणाले चार हप्त्यांत देतो. दोन मिळालेत. लाइट-साउंडवाल्यांची जुनी बिलं अडकली होती, त्यातली निम्मी निघाली. बँकेत तीनदा जावं लागलं. मुदत दोन वर्षं वाढवून मिळतेय, हप्ता काही काळ कमी होईल. व्याज जास्त जाणार हे कळतंय, आज तेवढाच श्वास घेता येतोय. ५ नोव्हेंबरच्या सुमारास खात्यात एक छोटी रक्कम आली, ती सहा महिन्यांच्या व्याजावरच्या व्याजाची सरकारने परत केलेली. कोणाला कळली नसेल तर स्टेटमेंट बघा.

ऑक्टोबरपासून चाकणजवळ एका गोदामात लागलोय, मालाची ने-आण लावायची. पगार आधीच्या साठ टक्के. पाचशे माणसांच्या लग्नात जेवण, फुलं, गाड्या वेळेवर आणायची सवय इथे कामाला येतेय. दागिने मोडले नाहीत. बायको म्हणाली तारणही नको, आणि पाळणाघराच्या खोलीत तिने चार मुलांची शिकवणी सुरू केली, अंतर ठेवून.

मिरजेला फोन गौरी जेवल्या त्या दिवशी केला. वडील म्हणाले, त्यांना जूनपासून अंदाज होता. दुसऱ्या दिवशी आईने ज्वारीचं पोतं आणि तूप ट्रान्सपोर्टने पाठवलं. मग सप्टेंबरात ई-पास बंद झाल्यावर आम्ही सगळे जाऊन आलो.

तिसरीघंटा | १९ नोव्हेंबर

निम्मी बिलं निघाली हे वाचून फार बरं वाटलं. ५ तारखेपासून निम्म्या क्षमतेने नाट्यगृहं उघडायला परवानगी मिळालीय. निम्म्या खुर्च्यांत भाड्याचं गणित बसत नाही म्हणून निर्माते अजून थांबलेत. भाजी चालूच ठेवलीय.

हिशेबनीस | १९ नोव्हेंबर

मुठाकाठ, उरलेले दोन हप्ते कधी देणार ते तारखांसकट मेलवर मागून घ्या. आनंदाच्या भरात विसराल.

रिक्षावाल्याचीलेक | १६ एप्रिल २०२१

नवीन सभासद आहे. शोधताना हा धागा सापडला, पूर्ण वाचला. परवापासून पुन्हा सगळं बंद झालंय. बाबांची सोलापुरात रिक्षा आहे. परवानाधारक रिक्षावाल्यांना १५०० रुपये देणार असं जाहीर झालंय, त्याला काय करावं लागेल? बाबांचा परवाना आजोबांच्या नावाने आहे, आजोबा मागच्या वर्षी गेले.

मीठभाकर | १६ एप्रिल २०२१

पैसे परवाना ज्याच्या नावावर त्यालाच जाणार, तेव्हा आधी परवाना बाबांच्या नावावर करून घ्या. वारसाने परवाना नावावर करायचा अर्ज आरटीओत असतो, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. बाबांचं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का तेही बघा. फेरीवाले, नोंदणी असलेल्या घरकामगार आणि बांधकाम कामगार यांनाही १५०० आहेत, आई यातलं काही काम करत असेल तर तिची नोंदणी आहे का ते बघा. शिवभोजन सध्या मोफत आहे.

काळाकोट | १६ एप्रिल २०२१

संमतीपत्राचा नमुना देतो. वारस किती आहेत आणि सगळे सोलापुरातच आहेत का, ते व्यनित कळवा.

रिक्षावाल्याचीलेक | १६ एप्रिल २०२१

दोन आत्या, एक पंढरपूरला, एक हैदराबादला. हैदराबादच्या आत्याची सही कशी घ्यायची? गाड्या सुरू आहेत पण त्यांच्या घरी दोघं पॉझिटिव्ह आहेत.

काळाकोट | १६ एप्रिल २०२१

घाई करू नका, त्यांना आधी बरं होऊ द्या. मग तिथल्याच नोटरीसमोर सही करून स्पीड पोस्टाने मूळ प्रत मागवा. आत्ता फक्त त्यांच्या आधारचा फोटो मागवून ठेवा, मसुद्यात नाव अचूक लागतं.